न दिसणारे धोके



जो धोका दिसत नाही, त्याला आपण एक तर भितो, नाही तर तो नाहीच असे मानतो. तिसरा मार्ग मोजण्याचा. अमेरिकेतील दोन उदाहरणांनी तो मार्ग आम्ही आज आपल्यापुढे मांडणार आहोत.

पेनसिल्व्हेनियात लिमरिक येथे अणुवीजकेंद्र उभे राहत होते. डिसेंबर १९८४ मध्ये तेथील अभियंते स्टॅनली वॉट्रस दारातून जाताच किरणोत्सर्गाची सूचना देणारी घंटा वाजू लागली. केंद्रातून तर अजून वीजही निघत नव्हती! शोधाअंती कळले की, हे गृहस्थ किरणोत्सर्ग घरी नेत नव्हते. घरूनच आणीत होते.

त्याचे मूळ रेडॉन वायूत होते. जमिनीतील युरेनियमच्या क्षयातून तो निर्माण होतो. त्याला रंग नाही, वास नाही. उघड्यावर तो विरून जातो. पण जमिनीच्या भेगांतून तळघरात शिरला की, बंद घरात साचतो. त्याच्यापासून होणारे किरणोत्सर्गी कण श्वासावाटे फुप्फुसात बसतात. अमेरिकेत त्यामुळे दरवर्षी सुमारे २१,००० माणसे फुप्फुसाच्या कर्करोगाने दगावतात, असा तेथील पर्यावरण खात्याचा अंदाज आहे. धूम्रपान करणाऱ्यास हा धोका कितीतरी अधिक. उपाय मात्र साधा आहे: फरशीखालून नळी घालायची आणि पंख्याने वायू छपरावर सोडायचा. वॉट्रस कुटुंब त्याच घरी परत राहायला गेले.

दुसरे उदाहरण हृदयाचे. ज्यांना चालण्याची कसोटी झेपत नाही, त्यांना ॲडिनोसिन किंवा रेगाडेनोसॉन टोचून हृदयाची छायाचित्रे घेतात. औषधाने निरोगी धमन्या रुंदावतात, अरुंद धमनीला तसे साधत नाही. रक्त जिकडे वाट मोकळी तिकडे धावते. हा फरक चित्रात उमटतो आणि दोष सापडतो. पण क्वचित हाच फरक जिवावर बेततो. नोव्हेंबर २०१३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने हृदयविकाराच्या झटक्याचा व मृत्यूचा इशारा दिला. ज्यांचे छातीचे दुखणे अस्थिर आहे, त्यांना ही औषधे देऊ नयेत आणि प्राणरक्षणाची साधने हाताशी ठेवावीत, असे सांगितले.

म्हणून घर सोडावे काय? तपासणी नाकारावी काय? मुळीच नाही. घरात मापक ठेवावे. डॉक्टरांना छातीचे दुखणे, दमा, चालू औषधे न लपवता सांगावीत. पुढचा निर्णय मग भीतीने नव्हे, माहितीने होईल.