भाकरी, पुस्तकं आणि आम्ही दोघं

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात एका सभासदाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला सांगितलं होतं, "काका, संस्थेच्या पंचवीस वर्षांच्या आठवणी सांगा." पण पाण्याची टाकी, लिफ्ट आणि पार्किंग यांवर बोलणारे बरेच आहेत. मी आमच्या स्वयंपाकघरातल्या या एका हिवाळ्याबद्दल बोलणार आहे.

दिवाळी झाली आणि आठवड्याभरात आमची ही बाथरूममध्ये पाय घसरून पडली. उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. लग्नाला ४१ वर्षं झाली, पण चहा आणि पोहे यांपलीकडे माझी मजल गेलेली नव्हती. मुलगी परदेशात. डबा लावला, पण चार दिवसांत दोघांनाही कंटाळा आला. पाचव्या दिवशी ही म्हणाली, "अहो, मी खुर्ची घेऊन ओट्याशी बसते. मी सांगीन तसं करा."

सुरुवात बाजरीच्या भाकरीनं झाली. बाजरीचं पीठ फार दिवस ठेवलं की कडू होतं, म्हणून थोडं थोडंच दळून आणायचं, हे मला ६८व्या वर्षी कळलं. गरम पाण्यात पीठ भिजवायचं, एका भाकरीपुरतंच घेऊन तळहातानं चांगलं मळायचं, परातीत थापायचं, तव्यावर टाकली की वरून पाणी फिरवायचं आणि ते पाणी सुकायच्या आत उलटायची. ऐकायला सोपं आहे. पहिल्या आठवड्यात एकही भाकरी अखंड तव्यापर्यंत पोचली नाही. नंतर केले डिंकाचे लाडू. डिंक थोडा थोडा घालून तुपात मंद आचेवर फुलवायचा असतो, मी सगळा एकदम ओतला. बाहेरून फुलला, आत कच्चा राहिला. तळमजल्यावरच्या एका काकांच्या कवळीला तो कसा चिकटला, ते त्यांनी मघाशीच सगळ्यांना सांगितलंय.

माझी थापाथापी चालू असताना हिला बसून काय करायचं, हा प्रश्न होता. डावा हात मोकळा होता. कपाटात 'स्मृतिचित्रे' होतं. ते मी कॉलेजात असताना वाचलेलं. ही म्हणाली, "मी मोठ्यानं वाचते, तुम्ही थापा." लक्ष्मीबाई टिळकांच्या या आत्मचरित्राचा पहिला भाग १९३४ साली आला. लिहा-वाचायला त्या लग्नानंतर शिकल्या. त्यांच्या वडिलांचं ते टोकाचं सोवळं, टिळकांचा भोळा आणि संतापी स्वभाव, हे ऐकताना ही इतकी हसायची की वाचन थांबायचं आणि माझी भाकरी करपायची.

एके दिवशी मी सहज म्हणालो, "तू इतकं छान वाचतेस, आधी कधी वाचलं नाहीस?" ती म्हणाली, "वाचनालयाचं कार्ड कोणाच्या नावावर आहे? आणि तुम्ही आरामखुर्चीत वाचत बसायचात, तेव्हा मी कुठे असायचे?" तिचा आवाज चढलेला नव्हता. त्यामुळे मला ते जास्त लागलं.

मग भोगी आली. प्लास्टर निघालं होतं, पण हाताला जोर नव्हता. कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' काढलं. १९७० साली निघालेलं हे पुस्तक आमच्याकडे लग्नापासून आहे, पानोपानी हळदीची बोटं उमटलेली. त्यातली मापं वाटी-चमच्याची, म्हणून माझ्यासारख्यालाही धीर येतो. पानं उलटताना समासात हिचं पेन्सिलीतलं अक्षर दिसलं. "यांना गूळ जास्त." "सासूबाईंना दात नाहीत, मऊ शिजवणे." "बेबीला आवडलं." सगळं पुस्तक चाळलं. "मला आवडलं" असं कुठेही नव्हतं.

वांगी, गाजर, पावटे, सोलाणे, ओले शेंगदाणे, तिळाचं कूट असं सगळं घातलं आणि मी गुळाचा डबा उघडला. म्हटलं, "तुला आवडतो तसा घालू ना?" ती म्हणाली, "मला भाजीत गूळ मुळीच आवडत नाही. मी जळगावची. तुमच्या घरात चालतो म्हणून घालते."

४१ वर्षं, मंडळी! मला वाटत होतं, गोड भाजी ही हिची आवड आहे.

त्या रविवारी मी मंडईतून भरताची मोठी हिरवी वांगी आणली. तिच्या माहेरी ती शेतात काट्याकुट्यांवर भाजतात, आमच्याकडे गॅसवर. हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे. गूळ नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, ते तिखटानं. तिनं दोन भाकऱ्या खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी आम्ही वाचनालयात गेलो आणि तिच्या नावानं कार्ड काढलं. तिनं पहिलं पुस्तक घेतलं दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र'. बारा महिन्यांचे बारा लेख आहेत. ज्या महिन्याचा लेख त्या महिन्यातच वाचायचा, असा तिचा नियम आहे. त्यामुळे हे पुस्तक वाचनालयाला परत कधी जाईल, सांगता येत नाही. शेवटी विकतच घ्यावं लागणार.

आता थोडं स्पष्ट बोलतो. आपण इथे राहायला आलो तेव्हा चाळिशीत होतो. आता आपल्यापैकी बऱ्याच घरांत दोघंच आहेत, आणि काही घरांत एकच. आमच्या दोघांतलंही कोणीतरी एक मागे राहणार, हे दोघांना ठाऊक आहे. ती मागे राहिली तर बँकेची कामं तिला यायला हवीत. ती आता मोबाइलवरून विजेचं बिल भरायला शिकली आहे. मी मागे राहिलो तर मला भाकरी यायला हवी. पण शिकवणारं माणूस समोर खुर्चीत बसलेलं असतानाच शिकण्यात मजा आहे. पुरुष मंडळींनो, मनगट मोडायची वाट बघू नका. आणि घरी गेल्यावर एवढं तरी विचारा, "तुला भाजी कशी आवडते?" उत्तर ऐकायची तयारी ठेवा.

हिचा हात आता बराच बरा आहे. तरी रविवारची भाकरी माझ्याकडेच राहिली आहे. अजून ती गोल होत नाही, पण फुगते. खात्री करायची असेल त्यानं या रविवारी बारा वाजता यावं. गूळ हवा असल्यास घरून आणावा.