आत्मा नाही, मग स्वाभिमान कोणाचा?

(वर्षावासातील व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



मागच्या वर्षावासात याच विहारात ग्रंथवाचन चालू असताना महाविद्यालयात शिकणाऱ्या एका मुलीने आम्हांला प्रश्न विचारला. ती म्हणाली, "काका, बाबासाहेबांनी आपल्याला स्वाभिमान दिला, मान वर करून जगायला शिकवले. आणि तुम्ही आज सांगता की तथागतांनी आत्मा नाकारला, वेगळा असा 'मी' हा भ्रम आहे. मग 'मी'च नसेन तर स्वाभिमान कोणाचा?" त्या दिवशी वेळ झाल्याचे निमित्त करून आम्ही विषय आटोपता घेतला. खरे सांगायचे तर उत्तर आमच्यापाशी नव्हते. आजचे चार शब्द म्हणजे त्या मुलीचे राहिलेले देणे आहे.

प्रथम तथागतांनी काय सांगितले ते पाहू. आषाढ पौर्णिमेला सारनाथच्या मृगदाय वनात धम्मचक्र प्रवर्तन झाले. त्यानंतर थोड्याच दिवसांनी त्याच ठिकाणी कौंडिण्य, वप्प, भद्दिय, महानाम आणि अस्सजी या पाच भिक्खूंना तथागतांनी दुसरा उपदेश केला. तो अनत्तलक्खण सुत्त या नावाने प्रसिद्ध आहे. तो ऐकून पाचही जण अर्हत झाले, असे पाली परंपरा सांगते. तेव्हा अनात्म हा पंडितांनी फावल्या वेळात घोळवावा असा विषय नव्हे. बंधन तुटते ते येथे.

त्या उपदेशाचा आशय सोपा आहे. ज्याला आपण 'मी' म्हणतो त्यात रूप, वेदना, संज्ञा, संस्कार आणि विज्ञान हे पाच स्कंध आहेत. यांपैकी एक तरी आपल्या हुकमात आहे काय? शरीर खरोखर 'माझे' असते तर 'ताप येऊ नये, केस पिकू नयेत' असे त्याला सांगता आले असते. मनाला 'आज दुःख नको' असे बजावता आले असते. तसे होत नाही. पाचही स्कंध कारणांनी उत्पन्न होतात, बदलतात आणि लोप पावतात. जे असे बदलते त्याला 'हाच मी, हेच माझे' म्हणून कवटाळण्यातच दुःखाचे मूळ आहे.

हीच गोष्ट इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात भदंत नागसेनांनी ग्रीक राजा मिलिंदाला रथाचा दाखला देऊन पटवली. आपल्या गावाकडची बैलगाडी डोळ्यांपुढे आणा. चाक म्हणजे गाडी नव्हे. आस म्हणजे गाडी नव्हे. जू आणि दांडी म्हणजेही गाडी नव्हे. सगळे सुटे करून अंगणात मांडले तर गाडी कोठे गेली? आणि तरीही जुळणी झाली की तीच गाडी धान्य बाजारात नेते. गाडी खोटी नाही. गाडीच्या पोटात 'गाडीपणा' नावाची वेगळी वस्तू दडली आहे, ही समजूत मात्र खोटी आहे. माणसाचेही तसेच आहे. बाबासाहेबांनी १९५० मध्ये औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय काढले. पुढे त्याला मिलिंदाचे आणि परिसराला नागसेनांचे नाव मिळाले. प्रश्न विचारणारा राजा आणि त्याला न घाबरता उत्तर देणारा भिक्खू, ही जोडी विद्यार्थ्यांपुढे राहिली.

कोणी विचारील, आत्मा नाही तर केलेल्या कर्माची जबाबदारी कोणाची? दुधाचे दही होते, दह्याचे लोणी, लोण्याचे तूप. तूप म्हणजे दूध नव्हे. पण दुधावाचून तूपही नाही. कालचा माणूस आणि आजचा माणूस यांचे नाते असे आहे. म्हणून शील हवे, प्रयत्न हवा. अनात्मवाद म्हणजे 'काहीच नाही, कसेही वागा' असा अर्थ कोणी काढला तर तो धम्म नव्हे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आपल्या आज्या-पणज्यांना काय सांगितले गेले? तुमच्या आत्म्याने मागच्या जन्मी पाप केले म्हणून तुम्ही या जातीत जन्मलात. पाण्याला शिवू नका, मुकाट्याने भोगा. म्हणजे न बदलणारा आत्मा, त्याला चिकटलेले पाप आणि त्यावर मारलेला जातीचा शिक्का. या तीन दोरांनी पिढ्यान्‌पिढ्या माणूस बांधला गेला. यातला पहिला दोर तुटला की उरलेले दोन आपोआप सुटतात. ज्याच्या आत न बदलणारे असे काहीच नाही, त्याच्यावर जन्माचा शिक्का मारणार तरी कोठे? २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी आपल्या लोकांनी ओंजळीत घेतले, तेव्हा आपण इतरांहून मोठे आहोत असा त्यांचा दावा नव्हता. दुसऱ्याने लादलेला खोटा 'मी' त्यांनी त्या दिवशी फेकून दिला.

आत्मा नाकारून कर्म आणि पुनर्जन्म कसे मानायचे, हा प्रश्न बाबासाहेबांनाही टाळावासा वाटला नाही. 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा त्यांचा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, १९५७ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रास्ताविकात त्यांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. पुनर्जन्म कशाचा आणि कोणाचा, असे दोन वेगळे प्रश्न करून आत्म्याचा पुनर्जन्म त्यांनी नाकारला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्धपक्ष आणि पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे, तिचाही अर्थ येथे लागतो. पिंडाची वाट पाहणारा आत्माच नाही, तर पिंड कोणाला?

परंतु मित्रहो, लादलेला 'मी' फेकला म्हणजे काम संपले असे नाही. शाक्य राजपुत्र प्रव्रज्या घ्यायला निघाले, तेव्हा त्यांच्यासोबत उपाली नावाचा न्हावी होता. राजपुत्रांनी तथागतांना विनंती केली की उपालीला आधी दीक्षा द्यावी. म्हणजे तो ज्येष्ठ ठरेल, त्याला आम्हांला वंदन करावे लागेल आणि आमचा शाक्यपणाचा गर्व उतरेल. जातीने उंच ठरवलेल्यांनाही त्या 'मी'चे ओझे होते आणि त्यांनी ते स्वतः मागून उतरवले.

आपले काय? चार वर्षांपूर्वी विहाराच्या बांधकामाला देणगी देणाऱ्यांच्या नावांची फरशी बसवायची ठरली. कोणाचे नाव वर, कोणाचे खाली, यावर दोन महिने बैठका झाल्या. दोन कुटुंबांचे बोलणे बंद झाले. आपले नाव चौथ्या ओळीत गेले म्हणून रुसलेल्यांत आम्हीही होतो. बुद्धमूर्तीसमोर बसून आम्ही 'मी'ची मोजणी करीत होतो.

अशा वेळी भिक्खू खेमकांची आठवण होते. ते कोसंबीजवळ आजारी असताना थेरांनी त्यांची परीक्षा घेतली. पाच स्कंधांपैकी एकालाही आपण आत्मा मानत नाही, पण 'मी आहे' ही सूक्ष्म भावना अजून गेली नाही, असे त्यांनी प्रांजळपणे सांगितले. धुतलेल्या कपड्याला खाराचा वास काही काळ राहतो, तसे ते आहे. मळ गेला, वास राहिला. तो जायला स्कंधांचा उदय आणि व्यय सतत पाहत राहावे लागते. या संवादातच खेमक आणि ते थेर मुक्त झाले, असे सुत्त सांगते. आम्हांला त्यात मोठा धीर वाटतो. वास उरला आहे हे कबूल करणे लाजेचे नाही. तो नाहीच असे भासवणे धोक्याचे आहे.

म्हणून त्या मुलीला आमचे उत्तर असे: बाळ, स्वाभिमान आणि अहंकार एक नव्हेत. कोणी तुला हीन म्हटले तर ते खोटे आहे असे ठणकावून सांगणे हा स्वाभिमान. दुसऱ्या कोणाला हीन मानणे हा अहंकार. पहिला आपल्यावर मारलेला शिक्का पुसतो, दुसरा नवा शिक्का कोरतो. अनात्म समजलेला माणूस अन्यायासमोर वाकत नाही, कारण राखायला त्याच्यापाशी खोटी प्रतिष्ठा नसते. आणि कोणाला वाकवतही नाही.

आचरणासाठी एकच गोष्ट सुचवतो. रोज सकाळी दहा मिनिटे श्वासाकडे लक्ष देऊन बसा. राग आला तर 'मी रागावलो' असे न म्हणता 'राग आला आहे' असे पाहा. तो येताना दिसेल, जातानाही दिसेल. ती फरशी अजून भिंतीवर आहे. विहारात येताना आमची नजर आजही चौथ्या ओळीकडे जाते. आता ती गेली हे आमच्या लक्षात येते, एवढाच फरक पडला आहे. तेवढ्यावरून आम्ही पुढे चालत आहोत. आपणही सोबत यावे.

जयभीम! नमो बुद्धाय!