घरातला मामा

रहस्यपट म्हणजे खुनी कोण हे शेवटच्या रिळापर्यंत लपवायचं, अशी आपली समजूत. आल्फ्रेड हिचकॉकनं १९४३ सालच्या ‘शॅडो ऑफ अ डाउट’मध्ये तिची फारशी पर्वा केली नाही. चार्ली मामाच्या मागावर दोघे जण आहेत, हे सुरुवातीलाच दिसतं. तो पळून येतो बहिणीकडे, कॅलिफोर्नियातल्या सांता रोझा गावी. गाडी स्टेशनात शिरते तीच काळ्याकुट्ट धुराचा लोट सोडत.

भाचीचं नावही चार्लीच, मामावरून ठेवलेलं. तिचा त्याच्यावर भारी जीव. तो तिला पाचूची अंगठी देतो. आत पाहते तर कुणा परक्याची आद्याक्षरं! वर्तमानपत्रातली एक बातमीही मामानं फाडून लपवलेली. ती रात्री धावत वाचनालय गाठते, बंद झालेलं दार उघडायला लावते आणि तोच अंक काढते. श्रीमंत विधवांचे खून, आणि त्यातल्या एकीची आद्याक्षरं अंगठीतलीच. कॅमेरा वर वर चढत जातो आणि त्या ओस दालनात पोरगी एवढीशी होऊन जाते.

दुसरा कुणी इथून पाठलाग सुरू करता. हिचकॉक जेवणाच्या टेबलापाशीच बसून राहतो. पोरीनं सांगावं तरी कुणाला? आई एमा धाकट्या भावाच्या येण्यानं हरखून गेलेली. तिला हे सोसणार नाही म्हणून मुलगी गप्प, आणि मामा नेमका याच गप्प राहण्यावर विसंबलेला. पोलिसांपासून त्याला वाचवते ती घरातली मायाच. जोसेफ कॉटनचा मामा थंडगार आहेच, पण माझा जीव अडकतो तो पॅट्रिशिया कॉलिंजच्या या भाबड्या आईत.

आणि वडील? बँकेतले हे सज्जन गृहस्थ शेजारच्या हर्बीबरोबर खून कसा करावा याच्या चवीनं गप्पा मारतात. त्याच घरात जिन्याची पायरी कापली जाते, गॅरेजमध्ये मोटारीचा धूर कोंडतो, आणि हे भाचीच्या खुनाचे डाव आहेत याचा या दोघांना पत्ताच नाही!

पटकथाकारांत ‘अवर टाउन’ नाटकाचा लेखक थॉर्नटन वाइल्डर होता. गावाची नस त्याला ठाऊक. युद्धामुळे सेटच्या सामानावर निर्बंध होते, त्यामुळे बरंच चित्रण सांता रोझातच झालं. ते पथ्यावरच पडलं.

अखेर भाचीला धावत्या गाडीतून ढकलायला गेलेला मामा स्वतःच पडून मरतो, आणि गाव त्याला थाटामाटात निरोप देतं. चर्चबाहेर भाची आणि मामाच्या मागावर असलेला डिटेक्टिव्ह, खरं जाणणारे दोघेच. या दोघांचं प्रेमप्रकरण मात्र मला ओढूनताणून आणलेलं वाटतं. तेवढं सोसून घ्या.