जांघेतील गाठ : स्त्रिया आणि मुली



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा माझ्या एका स्नेह्यांनी विचारले, "अहो, हे भर सभेत बोलायचे?" मी म्हटले, सभेत कोणी बोलत नाही म्हणूनच तो विषय आमच्याकडे मध्यरात्री, उलट्या होत असताना येतो.

जांघेतल्या गाठीची आपल्या प्रांताने एकेकाळी भलतीच धास्ती घेतली होती. १८९६ साली मुंबईत आणि पुढच्या वर्षी पुण्यात प्लेग आला, तेव्हा "गाठ आली" एवढे म्हटले की ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येई. ती भीती गेली. पण गाठ लपविण्याची खोड मात्र राहिली.

पायाला जखम झाली की जांघेत जे अवधाण येते ते आपल्या परिचयाचे आहे. जखम बरी झाली की तेही ओसरते. न ओसरले तर क्षय, हत्तीरोग, क्वचित कर्करोग यांचा विचार करावा लागतो. पण आज मला बोलायचे आहे ते अवधाण समजून सोडून दिल्या जाणाऱ्या निराळ्याच गाठींविषयी.

त्यांत पहिला मान अंतर्गळाचा, म्हणजे हर्नियाचा. हा पुरुषांचा रोग अशी समजूत आहे, आणि संख्येने पाहिले तर ती खोटी नाही. परंतु त्याचा एक प्रकार पुरुषांपेक्षा बायकांतच अधिक आढळतो. मांडीत उतरणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीच्या कडेला एक अरुंद वाट असते. तिच्यातून आतडे खाली सरकले म्हणजे फेमोरल हर्निया होतो. गाठ जांघेच्या वळीच्या खाली येते, लहान असते, पुष्कळदा दुखतही नाही. उतारवयातल्या कृश बाईत ती विशेष दिसते. वाटेच्या कडा ताठ असल्यामुळे आत शिरलेले आतडे चटकन आवळले जाते आणि त्याचा रक्तपुरवठा तुटतो. कधी आतड्याच्या भिंतीचा एक काठच तेवढा अडकतो. मग शौचाला होत राहते आणि सगळेच फसतात.

मीही फसलो आहे. नवा डॉक्टर असताना सत्तरीच्या एक आजी तीन दिवसांच्या उलट्यांनी आल्या. मी पोट तपासले, पण नऊवारीच्या निऱ्या सैल करायला सांगण्याचा मला संकोच वाटला. पित्ताचे औषध देऊन मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी आमच्या वरिष्ठांनी जांघ पाहिली. सुपारीएवढी गाठ होती. शस्त्रक्रियेत आतड्याचा काळा पडलेला तुकडा काढावा लागला. आजी वाचल्या. नंतर म्हणाल्या, "गाठ दोन वर्षांची आहे रे. सुनेला काय सांगायचं, आणि तू तर माझ्या नातवासारखा." त्या दिवसापासून उलट्यांचा रोगी आला की मी जांघ पाहिल्याशिवाय राहत नाही.

आता लहान मुलींकडे वळू. गर्भावस्थेत गर्भाशयाच्या गोलबंधाबरोबर पोटाच्या अस्तराची एक छोटी पिशवी जांघेत उतरते. आंतोन नुक ह्या डच शरीरशास्त्रज्ञाने सतराव्या शतकाच्या अखेरीस तिचे वर्णन केले, म्हणून तिला त्याचे नाव मिळाले. बहुतेकींत ती आपोआप मिटते. मिटली नाही तर तिच्यात पाणी साठते, किंवा आतडे उतरते, किंवा तान्ह्या मुलीत स्त्रीबीजकोशच घसरून येतो.

आई सांगते, "आंघोळ घालताना बदामासारखं काहीतरी हाताला लागतं, सरकतं." शेजारीण म्हणते, मुलीला कुठला आलाय अंतर्गळ! ती गाठ दाबून आत ढकलू नका, चोळू नका. स्त्रीबीजकोशाला पीळ पडला तर तो निकामी होऊ शकतो. शस्त्रक्रिया लवकर करावी. छेद लहान असतो, पिशवीचे तोंड बांधले की काम झाले. मुलांत जाळी घालावी लागत नाही.

अशा शंभर मुलींत एखाद-दुसरी अशी निघते की तिच्या जांघेतील ग्रंथी वृषणाची असते. तिची गुणसूत्रे मुलाच्या धाटणीची, पण शरीर पुरुषी संप्रेरकांना दाद देत नाही, म्हणून बांधा मुलीचा. म्हणून, विशेषतः दोन्ही बाजूंना गाठी असल्या तर, हा विचार करावा लागतो. ही मुलगी मुलगी म्हणूनच वाढते. ग्रंथी तत्काळ काढण्याची घाई आता बहुधा करीत नाहीत. ती वयात येईपर्यंत थांबता येते. आईबापांनी ही गोष्ट तिच्यापासून जन्मभर दडवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

गरोदरपणी जांघेत फुगवटा आला तर तो हर्नियाच असतो असे नाही. गोलबंधाच्या शिरा फुगतात आणि बाळंतपणानंतर आपोआप बसतात. तिथे सुरी लावणे चूक. दर महिन्याला पाळीच्या वेळी सुजून दुखणारी गाठ असेल, तर गर्भाशयाच्या अस्तरासारखा ऊतक तिथे रुजलेला असण्याचा संभव असतो. बाईने तारखांची टिपणे ठेवली तर आमचे निम्मे निदान तिनेच केलेले असते.

तपासणी उभे राहून, खोकायला लावून करावी, तान्ह्याची रडताना. सोनोग्राफीत पाणी, आतडे, फुगलेल्या शिरा यांतला फरक बहुधा कळतो. त्याआधी गाठीत सुई घालू देऊ नये. आत आतडे असेल तर अनर्थ होईल. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनाप्रमाणे, गरोदरपण सोडता, स्त्रियांच्या जांघेतील अंतर्गळाची शस्त्रक्रिया लांबणीवर टाकू नये. ती दुर्बिणीतून केल्यास, आणि तसे हात उपलब्ध असल्यास, फेमोरल वाटही त्याच वेळी दिसते व जाळीने झाकता येते.

एका भगिनीची चिठ्ठी आली आहे : पट्टा बांधून चालेल का? बाई, फेमोरल हर्नियाला पट्टा नको. तो गाठ आवरीत नाही, आणि दिसेनाशी झाल्यासारखे वाटून दिवस मात्र जातात. गाठ एकाएकी कठीण झाली, दुखू लागली, उलट्या सुरू झाल्या, तर पट्टा सोडा, खाणेपिणे थांबवा आणि रात्र असली तरी रुग्णालय गाठा.