पेटी एकदा, पैसे दरमहा

(साक्षरता वर्गात दिलेले भाषण)



आज आपण टीव्हीच्या पेटीविषयी बोलू. टीव्हीविषयी नव्हे, टीव्हीजवळ ठेवतात त्या लहान पेटीविषयी. तिचे नाव सेट-टॉप बॉक्स. आपल्याकडे बहुतेक लोक तिला सेटअप बॉक्स म्हणतात. छतावरच्या छत्रीतून किंवा केबलच्या तारेतून जे येते, त्याचे चित्र आणि आवाज ही पेटी करते.

गेल्या आठवड्यात वर्गातील एका बाईंनी मला विचारले, "गुरुजी, रोवणीच्या दिवसांत घरी यायला अंधार होतो. मालिका निघून जाते. मंडईच्या दिवसांत तर रात्र नाटकातच जाते. पोरगा म्हणतो, धानाचे चुकारे आले की रेकॉर्ड करणारी पेटी घेऊ. घ्यावी का जी?"

प्रश्न चांगला आहे. पण 'घ्या' किंवा 'नको' असे एका शब्दात उत्तर देता येत नाही. हिशेब करून उत्तर काढावे लागते. आणि हिशेब आता आपल्याला येतो.

आधी ही पेटी काय करते ते पाहू. रेकॉर्ड करणाऱ्या पेटीत एक चकती असते. तिला हार्ड डिस्क म्हणतात. ढोलीत धान साठवावे तसे या चकतीत कार्यक्रम साठतात. मग सवडीने पाहता येतात. ढोली भरली की जुने काढल्याशिवाय नवे मावत नाही. चकतीचेही तसेच आहे. काही पेट्यांत चकती नसते. त्यांना पेनड्राइव्ह लावता येतो. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. कार्यक्रमाच्या वेळी वीज गेली, तर पेटीही बंद पडते. मग काहीच साठत नाही.

आता पैशाकडे वळू.

म्हैस विकत घेताना आपण फक्त तिची किंमत पाहतो काय? नाही. वैरण किती लागेल, ढेप किती लागेल, दूध किती देईल, हे सगळे पाहतो. म्हशीचे पैसे एकदाच जातात. वैरण रोज लागते. पेटीचेही तसेच आहे. पेटीचे पैसे एकदा जातात. रिचार्जचे पैसे दर महिन्याला जातात. विकणारा पेटीची किंमत मोठ्याने सांगतो. महिन्याचा खर्च हळूच सांगतो. आपण उलटे करावे. महिन्याचा खर्च आधी विचारावा.

पाटी घ्या. तीन वर्षांचा, म्हणजे ३६ महिन्यांचा हिशेब मांडू. हे आकडे समजण्यासाठी घेतले आहेत. खरे आकडे दुकानात विचारून घ्यावेत.

पहिला मार्ग. जुनीच पेटी ठेवली. रिचार्ज महिन्याला २५० रुपये. ३६ महिन्यांचे झाले ९,००० रुपये.

दुसरा मार्ग. रेकॉर्ड करणारी पेटी २,५०० रुपयांना घेतली. तिच्यासोबत मोठा पॅक घ्यावा लागला, महिन्याला ३५० रुपये. त्याचे झाले १२,६०० रुपये. पेटीची किंमत मिळवली की १५,१०० रुपये.

तिसरा मार्ग. दूरदर्शनची फ्री डिश. ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली. तिला महिन्याचे पैसे पडत नाहीत. छत्री, पेटी आणि पेनड्राइव्ह मिळून समजा २,२०० रुपये लागले. तीन वर्षांतही खर्च २,२०० रुपयेच. मात्र सगळे चॅनेल तिच्यावर दिसत नाहीत. आपल्याला हवे ते दिसतात काय, हे शेजाऱ्याच्या घरी जाऊन पाहावे. पेटी पेनड्राइव्हवर रेकॉर्ड करते काय, हेही दुकानात लावून पाहावे.

आता पहिल्या आणि दुसऱ्या मार्गातील फरक काढा. १५,१०० वजा ९,०००. उरले ६,१०० रुपये. रेकॉर्ड करण्याच्या सोयीची ही तीन वर्षांची खरी किंमत झाली. पेटीवर लिहिलेले २,५०० नव्हे.

तीन वर्षांत १५६ आठवडे असतात. आठवड्याला एकच कार्यक्रम साठवून पाहिला, तर एका कार्यक्रमाला ३९ रुपये पडले. आठवड्याला दहा पाहिले, तर चार रुपयांहून थोडे कमी. म्हणजे वस्तू तीच, पण एका घराला महाग आणि दुसऱ्या घराला स्वस्त. घरी आजारी माणूस असेल, तो दिवसभर पडून पाहत असेल, तर पैसे वाया गेले असे मी म्हणणार नाही. पण रोवणीचे चार आठवडे सोडले तर पेटी नुसती पडून राहणार असेल, तर त्याच ६,१०० रुपयांत मुलीच्या वह्या, पुस्तके आणि एसटीचा पास यांची बरीच सोय होते. निवड ज्याची त्याने करावी. पण आकडा पाहून करावी.

रिचार्जच्या रकमेतही दोन भाग असतात. एक भाग चॅनेल घरापर्यंत आणून देण्याचा. दुसरा भाग पैशाच्या चॅनेलांचा. १ फेब्रुवारी २०१९ पासून गिऱ्हाइकाला पैशाचे चॅनेल एकेक निवडून घेता येतात. प्रत्येक चॅनेलची किंमत वेगळी जाहीर करावी लागते. आपण पाहतो दहा-बारा चॅनेल, आणि पॅकमध्ये भरलेले असतात शंभर. म्हणून आपल्या दहा-बारांची यादी करावी आणि ती पॅकशी ताडून पाहावी. कधी यादी स्वस्त पडते, कधी पॅक. पहिल्या भागावर सुरुवातीला १३० रुपयांची मर्यादा होती. २०२४ साली ती काढून टाकली. म्हणून दोन-तीन ठिकाणी विचारणे आता अधिक गरजेचे झाले आहे. शिवाय १८ टक्के कर असतो. कोणी ३०० रुपये सांगितले, तर "कर धरून की कर सोडून?" असे विचारावे. कर धरला की ३०० चे ३५४ होतात.

'आजन्म' या शब्दाचीही चौकशी करावी. अमेरिकेत टिवो नावाची रेकॉर्ड करणारी पेटी १९९९ साली बाजारात आली. तिचे पैसे महिन्याला भरता येत, किंवा एकदाच भरून 'आजन्म' सेवा घेता येई. पण हा जन्म गिऱ्हाइकाचा नव्हता, पेटीचा होता! पेटी मेली की सेवा संपली. 'फुकट' या शब्दाचेही असेच आहे. पेटी फुकट म्हटली, तरी वर्षभराचे रिचार्ज आगाऊ भरायचे आहे काय, ते पाहावे.

पैसे देण्याआधी हे पाच प्रश्न विचारा:

१. पेटी आपल्या मालकीची की भाड्याची? सेवा सोडली तर परत द्यावी लागेल काय?

२. रेकॉर्ड करण्याचे महिन्याला वेगळे पैसे आहेत काय?

३. रिचार्ज संपले तर साठवलेले कार्यक्रम दिसतील काय?

४. पेटी बदलली तर जुने साठवलेले नव्या पेटीत दिसेल काय?

५. बिघडल्यास दुरुस्ती किती दिवस फुकट? गावात माणूस येईल, की पेटी घेऊन गोंदियाला जावे लागेल?

तिसरा आणि चौथा प्रश्न विसरू नका. साठवलेले आपले आहे असे आपल्याला वाटते. पण पुष्कळ पेट्यांत त्या कुलपाची किल्ली कंपनीजवळ असते.

उत्तरे तोंडी घेऊ नका. पावतीवर लिहून घ्या. पक्की पावती जपून ठेवा. तक्रार आधी कंपनीकडे करा. दाद लागली नाही, तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

मंडळी, पूर्वी कोणी कागद पुढे केला, की आपण त्यावर अंगठा उठवत होतो. काय लिहिले आहे ते दुसरा सांगेल तेच खरे. आता तो कागद आपण स्वतः वाचू शकतो. विकणारा घाई करील. म्हणेल, "आजचाच दिवस आहे." तेव्हा त्याला बसायला सांगा, पाणी द्या, आणि कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. समजले तरच सही करा.

त्या बाईंनी आपल्या घरचे आकडे घालून हिशेब मांडावा आणि पुढच्या वर्गात फळ्यावर लिहून दाखवावा. उत्तर त्यांचे त्यांनाच सापडेल.