आश्रयास आलेलें मांजर

(महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



आजच्या या मंगल प्रसंगीं आपल्या धर्मग्रामाच्या इतिहासावर व आपल्या वाडवडिलांच्या श्रद्धेवर अधिकारवाणीनें बोलणारे वक्ते या व्यासपीठावर पुष्कळ आहेत. मजसारख्या एका निवृत्त शिक्षकास समितीनें बोलण्याची आज्ञा केली, तेव्हां मीं विषय सांगितला, ‘मांजर’. समितीचे सभासद हंसले. मग एका वृद्ध गृहस्थांनीं गंभीरपणें विचारलें, “मास्तर, महोत्सव माणसांचा आहे कीं मांजरांचा?” हा प्रश्न थट्टेचा असला तरी क्षुल्लक नाहीं, आणि माझें आजचें बोलणें म्हणजे त्याला उत्तर देण्याची एक खटपट आहे.

आधीं एक गोष्ट कबूल करतों. मी आठ वर्षांचा असतांना आमच्या साताऱ्याच्या घरीं गोवऱ्यांच्या खोलींत मांजरीला चार पिल्लें झालीं. त्या काळीं प्रत्येक घरीं जो उपाय करीत, तोच वडिलांनीं सांगितला: गोणपाटांत घालून नदीकडे नेऊन सोडा. थोरला भाऊ सायकल चालवीत होता, मी मागें बसलों होतों आणि गोणपाट माझ्या मांडीवर होतें. माहुलीस, जेथें कृष्णा आणि वेण्णा मिळतात, त्या घाटाच्या वरच्या अंगास तें आम्ही ठेवलें व मागें न पाहतां परत आलों. पिल्लांचे डोळे नुकतेच उघडले होते. मांजरी तीन दिवस घरभर ओरडत फिरली. माळ्यावर चढली, पेटीमागें शिरली, आईच्या पदराशीं येऊन उभी राहिली. त्याच वर्षीं माझें पहिलें पापनिवेदन झालें. त्यांत मीं साखर चोरून खाल्ल्याचें सांगितलें, भावाला शिवी दिल्याचें सांगितलें. पिल्लांचें सांगितलें नाहीं. लपविलें असें नव्हे. त्यांत सांगण्यासारखें कांहीं आहे, हेंच मला ठाऊक नव्हतें.

पुढें शिक्षक झाल्यावर मुलांना सहलीस घेऊन त्याच माहुलीस गेलों, तेव्हां तेथील एका समाधीची हकीकत वाचून गेलों होतों. छत्रपति शाहू महाराज 1749 सालीं निवर्तले. त्यांचा एक अत्यंत आवडता कुत्रा होता. शिकारींत वाघ अंगावर आला असतां त्यानें महाराजांचे प्राण वांचविले, म्हणून त्याला जहागीर आणि पालखी दिली होती, असें सांगतात. त्या कुत्र्याची समाधि माहुलीस आहे. मुलें हंसत होतीं. कुत्र्याला पालखी हें त्यांना मोठें गमतीचें वाटलें. मला मात्र हसूं आलें नाहीं. ज्या तीर्थावर एका राजानें मुक्या जिवाचे उपकार दगडांत कोरून ठेवले, त्याच तीर्थावर मी चार जीव टाकून आलों होतों. राजाच्या कुत्र्यानें वाघ अडविला, म्हणून त्याला समाधि मिळाली. माझ्या पिल्लांनीं कोणाचें कांहीं केलें नव्हतें, चांगलेंहि नाहीं आणि वाईटहि नाहीं.

आतां त्या वृद्ध गृहस्थांच्या प्रश्नाकडे वळतों. पवित्र शास्त्रांत मांजराला फारसें स्थान नाहीं, हें खरें. आपल्या बायबलांत बारूखाच्या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायांत मूर्तींच्या अंगावर पाखरें व मांजरें येऊन बसतात, एवढाच काय तो उल्लेख. आणि तोहि मांजराच्या गौरवार्थ नाहीं. परंतु नीतिसूत्रांचा कर्ता सज्जनाची ओळख सांगतांना तो आपल्या जनावराची कदर करतो असें सांगतो, आणि दोन पैशांस पांच मिळणाऱ्या चिमण्यांपैकीं एकीचाहि देवाला विसर पडत नाहीं, असें स्वतः प्रभूनें सांगितलें आहे. चिमणीची आठवण ठेवणारा देव गोणपाटाकडे डोळेझाक करतो, असें मानण्यास मला तरी आधार सांपडत नाहीं.

संतांचीं चरित्रें पाहूं. आसिसीचे संत फ्रान्सिस सर्वांस माहीत आहेत. रोमचे संत फिलीप नेरी तितके माहीत नाहींत. ते 1583 सालीं आपली जुनी खोली सोडून नव्या मठांत राहावयास गेले, आणि त्यांचें मांजर मागें राहिलें. पुढें कित्येक वर्षें ते आपल्या शिष्यांना त्या खोलीची किल्ली देऊन मांजराला खाऊं घालण्यास पाठवीत, व परत आल्यावर तें कसें आहे, नीट जेवलें कीं नाहीं, याची चौकशी करीत. त्या शिष्यांत मोठमोठे कुलीन लोक असत. खांद्यावर मानमरातब आणि हातांत मांजराचें मांस! शिष्यांचा गर्व उतरविण्याची ही युक्ति होती असें चरित्रकार म्हणतात. पण मांजराचें पोट त्या युक्तीनें भरत होतें, हेंहि तितकेंच खरें. लिमा शहराचे संत मार्टिन द पोरेस, ज्यांना 1962 सालीं संतपद मिळालें, त्यांनीं जखमी कुत्रीं व मांजरें आपल्या बहिणीच्या घरीं ठेवून त्यांची शुश्रूषा केली.

येथें एक गोष्ट लक्षांत घ्यावी. संत फिलीप यांनीं रोमला येणाऱ्या गरीब यात्रेकरूंच्या सेवेसाठीं मंडळ काढलें, इस्पितळांत रुग्णांची सेवा केली. संत मार्टिन मठाच्या रुग्णालयांत जन्मभर राबले आणि लिमाच्या भिकाऱ्यांना अन्न देत राहिले. मांजराला घास देणारा हात माणसाकडे पाठ फिरवितो, ही समजूत निदान या दोघांच्या चरित्रांत तरी खरी ठरत नाहीं.

परंतु आपल्या धर्मसभेची शिकवण दोन्ही बाजूंची आहे, आणि ती अर्धवट सांगणें अप्रामाणिकपणाचें होईल. 1992 च्या धर्मशिक्षण-ग्रंथांत (कलमें 2416 ते 2418) प्राणी हे देवाची निर्मिति असून माणसानें त्यांच्याशीं दयेनें वागावें, आणि त्यांना विनाकारण यातना देणें माणसाच्या प्रतिष्ठेस शोभत नाहीं, असें सांगितलें आहे. त्याचबरोबर माणसांच्या दुःखनिवारणास आधीं लागणारा पैसा प्राण्यांवर उधळूं नये, असाहि इशारा तेथेंच आहे. मी हा इशारा गंभीरपणें घेतों. हजारों रुपये मोजून लांब केसांचें पर्शियन मांजर विकत आणावयाचें आणि दाराशीं आलेलें गांवठी पिल्लू केरसुणीनें हांकलावयाचें, यांत मला दयाहि दिसत नाहीं आणि काटकसरहि दिसत नाहीं.

हा प्रश्न माझ्यापुढें पुस्तकांतून आला नाहीं, पुरांतून आला. ऑगस्ट 2019 मध्यें सांगलीस कृष्णेला महापूर आला. आयर्विन पुलाजवळ धोक्याची खूण पंचेचाळीस फुटांवर आहे. पाणी सत्तावन्न फुटांवर गेलें. माझी धाकटी बहीण तेथें राहते. 8 ऑगस्टला पलूस तालुक्यांतील ब्रह्मनाळ येथें लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि कित्येक माणसें, त्यांत स्त्रिया व मुलें, बुडून गेलीं. अशा वेळीं जनावरांचा विचार करावा का? पण ज्यानें करावयाचा त्यानें केला होता. गोठ्यांतील दावीं कापून शेतकऱ्यांनीं जनावरें मोकळीं सोडलीं. कित्येक माणसें म्हैस सोडून नावेंत बसावयास तयार होईनात. म्हैस गेली तर उद्यांची चूल गेली, हें त्यांना कोणी शिकवावें लागत नव्हतें. सांगलींत 2003 सालीं सुरू झालेल्या ‘अॅनिमल राहत’ या संस्थेचे लोक त्या पाण्यांत उतरून जनावरें बाहेर काढीत होते व चारा पोंचवीत होते.

या संस्थेविषयीं दोन शब्द बोलणें अवश्य आहे. गळिताच्या हंगामांत कारखान्याच्या रस्त्यावर उसाच्या गाड्यांची रांग तुम्ही पाहिली आहे. बैलाच्या खांद्यावर जोखडाची जखम, नाकांत ओढून ओढून चिरलेली वेसण, आणि तो उभ्या उन्हांत नंबर येण्याची वाट पाहतो आहे. अशा बैलांवर फुकट औषधोपचार करावे, या कामानें त्या मंडळींनीं आरंभ केला. म्हाताऱ्या बैलांना विश्रांतीसाठीं त्यांनीं जागा केली, कठडा नसलेल्या विहिरींत पडलेलीं जनावरें वर काढलीं, आणि काम पुढें शेजारच्या जिल्ह्यांतहि नेलें. गाडीवानाला शिव्या देऊन बैलाचें दुःख कमी होत नाहीं, कारण गाडीवानहि बहुधा कर्जांत असतो, हें त्यांना कळलें आहे. म्हणून मला त्यांचें काम विशेष आवडतें. गाडीवान आणि बैल एकाच जोखडाचे दोन बाजूंचे प्राणी आहेत.

पाणी ओसरल्यावर मी बहिणीच्या घरचा चिखल काढावयास गेलों. पूरग्रस्तांना जेथें उतरविलें होतें अशा एका शाळेच्या व्हरांड्यांत एक तरुण स्वयंसेवक बसला होता. पुढें भाजीच्या प्लॅस्टिकच्या पेट्या, आणि त्यांत मांजरें. कोणाच्या छपरावर सांपडलेलीं, कोणाच्या माळ्यावर. धनी आले त्यांनीं आपआपलीं ओळखून नेलीं. एक करडी मांजरी मात्र उरली. तिची शेपटी मध्येंच मोडलेली होती. तो मुलगा म्हणाला, “काका, पिल्लू असतें तर कोणीहि नेलें असतें, मोठ्या मांजराला घर मिळत नाहीं.” मला माहुलीचा घाट आठवला. मी पेटी उचलली.

साताऱ्यास आल्यावर पत्नीनें काय म्हटलें तें या सभेंत सांगत नाहीं. मनी (नांव पत्नीनेंच ठेवलें, तेंहि दुसऱ्या महिन्यांत) अकरा दिवस कपाटाखालून बाहेर आली नाहीं. रात्रीं आम्ही निजलों कीं येऊन खाई. माझा धीर सुटत चालला होता; उपकार केला तर कृतज्ञता ताबडतोब मिळावी, हा माणसाचा जुना रोग. बाराव्या दिवशीं मी जपमाळ करीत बसलों असतां ती आली, व माझ्या पायाला न शिवतां चटईच्या टोंकाला बसली. आज इतक्या वर्षांनंतर ती पत्नीच्या खुर्चींत निजते आणि पत्नी मोड्यावर बसते.

ज्यांना असें मांजर घरीं आणावयाचें असेल, त्यांच्यासाठीं अनुभवाच्या कांहीं गोष्टी सांगतों. पहिले दोन-तीन आठवडे त्याला एकाच खोलींत ठेवावें; दार उघडें राहिलें कीं तें जुन्या घराच्या शोधांत निघतें. पुष्कळ मोठ्या मांजरांना गाईम्हशीचें दूध पचत नाहीं, जुलाब होतात. मासळीचा किंवा उकडलेल्या कोंबडीचा तुकडा व स्वच्छ पाणी बरें. ताप आला म्हणून आपल्या घरांतील पॅरासिटामॉलची गोळी चुकूनहि देऊं नये, त्यानें मांजर मरतें. पिसाळ रोगाची लस अवश्य टोंचून घ्यावी, आणि कोणत्याहि मांजरानें चावा घेतल्यास जखम साबणानें व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुऊन लागलींच दवाखाना गांठावा. घरांत कोणी गरोदर असेल तर मांजराची घाण दुसऱ्यानें, आणि ती रोजच्या रोज काढावी. त्यासाठीं मांजर हांकलून देण्याचें कारण नाहीं.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट शस्त्रक्रियेची. मांजरी चार-पांच महिन्यांची झाली कीं गाभण राहूं शकते, सुमारें नऊ आठवड्यांत विते, आणि वर्षांत दोन-तीन वेळां विते. गोणपाटाचें मूळ येथें आहे. आपल्यांतील कांहीं भाविक माणसें विचारतात कीं, संतति हें देवाचें दान असतां ही शस्त्रक्रिया धर्माला धरून आहे काय? धर्मसभेची ती शिकवण माणसांच्या विवाहाविषयीं आहे; जनावरांची देखभाल देवानें आपल्याकडे सोंपविली आहे, आणि भुकेनें मरावयाचीं पिल्लें जन्मासच येऊं न देणें हा त्या देखभालीचा भाग आहे, असें मी आपल्या धर्मगुरूंस विचारूनच बोलत आहें.

कायद्याचेंहि सांगतों. जनावराला उपाशीतापाशी मरेल अशा स्थितींत सोडून देणें हा 1960 च्या कायद्यानें गुन्हा ठरला. पहिल्या गुन्ह्यास दंड दहा ते पन्नास रुपये! पन्नास रुपयांत गोणपाटहि धड येत नाहीं. जुलै 2024 पासून अंमलांत आलेल्या न्यायसंहितेंत जनावर मारणें किंवा पंगु करणें याला पांच वर्षांपर्यंत शिक्षा ठेविली आहे, ती जरा जरब बसविणारी आहे. पण आमच्या वडिलांना कायदा माहीत असता तरी त्यांनीं तेंच केलें असतें, असें मला वाटतें. त्यांना दुसरी वाट कोणी दाखविली नव्हती. ते निर्दय नव्हते. उपासाच्या दिवसांत आपल्या ताटांतील अर्धी भाकरी शेजाऱ्याच्या मुलांना देणारे गृहस्थ होते. ही गोष्ट मी त्यांना दोष देण्यासाठीं सांगितली नाहीं.

आतां शेवटचें. गेल्या सोमवारीं आपल्या दफनभूमीच्या भिंतीजवळ एक गोणपाट सांपडलें. कोणी ठेवलें याची चौकशी मीं केली नाहीं आणि आपणहि करूं नये. आंत तीन पिल्लें होतीं. एक मेलेलें होतें. उरलेलीं दोन फादरजींच्या परवानगीनें धर्मशिक्षणवर्गाच्या खोलींत ठेवलीं आहेत, व आपल्या धर्मभगिनी त्यांना दर तीन तासांनीं पिल्लांसाठीं मिळणारें पावडरीचें दूध पाजीत आहेत. एक करडें आहे, एक काळें आहे. करड्याला काल दोन घरांतून मागणी आली. काळ्याला अजून कोणी विचारलेलें नाहीं. काळें मांजर आडवें गेलें कीं आपणहि बाप्तिस्मा विसरून दोन पावलें मागें सरतों. खोलीची किल्ली माझ्याजवळ आहे. सभा संपल्यावर मी तेथेंच थांबणार आहें.