शनिवारी आम्ही कुठे जात होतो?
(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी सोहळ्यात ‘आपली मुलं’ या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पंचवीस वर्षांत या सोसायटीत मी फक्त दोनच विषयांवर बोललोय. पाण्याची टाकी आणि पार्किंग. आजचा विषय वेगळा आहे आणि तो बोलायला मी मुलीची परवानगी घेतली आहे. तिने एकच अट घातली, “बाबा, मला बिचारी करू नकोस.” ती तिसऱ्या रांगेत बसली आहे. चुकलो तर तीच थांबवेल.

चार वर्षांपूर्वी ती अकरावीत होती. गणपतीच्या नाटकात दरवर्षी पुढे असायची. त्या वर्षी तालमीला खालीच उतरली नाही. जेवण कमी झालं, रात्रभर जागी, दिवसा दार बंद. मी म्हटलं, मोबाईलचं खूळ आहे. मोबाईल काढून घेतला. मग एक दिवस क्लासमधून फोन आला की ती तीन आठवडे आलेलीच नाही. ती रोज तलावपाळीला जाऊन दोन तास बसायची आणि वेळेवर घरी यायची. मी खूप ओरडलो. “आमच्या वेळी असलं काही नव्हतं,” हे वाक्यही बोललो. ती रडली नाही, भांडली नाही. नुसती बघत राहिली. त्याची भीती हिच्या आईला वाटली, मला नाही.

आई तिला आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. ते बरं झालं. त्यांनी रक्त, थायरॉइड तपासलं. सगळं ठीक निघाल्यावर म्हणाले, आता हिच्याशी नीट बोलणारं कुणीतरी हवं.

आम्ही घाईत पहिलं नाव मिळालं तिथे गेलो. चाळीस मिनिटं आम्हीच बोललो, तिच्यासमोर, तिच्याबद्दल. तिला दहा मिनिटं मिळाली. त्या दहा मिनिटांत ती जे बोलली, ते बाहेर आल्यावर आम्हाला जसंच्या तसं सांगण्यात आलं. घरी येऊन तिने दार लावून घेतलं. पुढचे दोन महिने तिने हा विषय काढू दिला नाही. ते दोन महिने आमच्या घाईमुळे गेले.

दुसऱ्यांदा मात्र आम्ही आधी माहिती घेतली. तीच तुम्हाला सांगतो.

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर पुढचं शिक्षण घेतलेले डॉक्टर. ते औषध देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाहीत. ते चाचण्या घेतात, बोलण्यातून उपचार करतात आणि त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. समुपदेशक या शब्दाखाली मात्र फार वेगवेगळं शिक्षण घेतलेली माणसं येतात. म्हणून विचारायचं. आपण प्लंबरला दहा प्रश्न विचारतो, इथे लाजायचं कशाला?

मी फोनवर पाच प्रश्न विचारले. तुमचं शिक्षण काय, नोंदणी आहे का? या वयाच्या मुलांबरोबर काम करता का? एका बैठकीची फी किती, कमी होऊ शकते का? मुलगी जे बोलेल त्यातलं आम्हाला काय सांगाल? आणि औषधाची गरज वाटली तर कुणाकडे पाठवाल? एका बाईंनी चौथ्या प्रश्नाला सरळ उत्तर दिलं, “तिच्या जिवाला धोका वाटला तर नक्की सांगेन. बाकीचं तिला विचारूनच.” ऐकून आधी मला राग आला. बाप मी, फी मी देणार! पण हिची आई म्हणाली, “हेच तर पाहिजे.”

आम्ही मुलीसमोर दोन नावं ठेवली. निवड तिची. तिला म्हटलं, “तीन वेळा जाऊन बघ. नाही पटलं तर दुसरं शोधू. तुला दुरुस्त करायला नाही नेत आहोत. तुला जड जातंय आणि आम्हाला मदत करता येत नाहीये, म्हणून.” हे वाक्य बोलायला मला दोन दिवस लागले. ती लगेच हो म्हणाली नाही. चार दिवसांनी चहा पिताना म्हणाली, “शनिवारी जमेल.”

मग दर शनिवारी आम्ही दोघं स्कूटरवरून जायचो. मी बाहेर बाकावर पेपर वाचत बसायचो. परतताना “काय बोललात?” हे विचारायचं नाही, असं ठरलं होतं. फार कठीण गेलं. आम्ही वडापाव खायचो आणि क्रिकेटवर बोलायचो. पहिल्या दोन-तीन बैठकांत फरक दिसला नाही. उलट एकदा ती जास्त गप्प होती. पाचव्या-सहाव्या वेळी परतताना ती आपणहून बोलली. तिला सायन्स नको होतं आणि हे मला सांगण्याची तिला भीती वाटत होती. एवढंच होतं असं नाही, पण सुरुवात तिथून झाली.

आता मला ज्याची लाज वाटते ते सांगतो. एकदा लिफ्टमध्ये एका काकूंनी सहज विचारलं, “दर शनिवारी बापलेक कुठे जाता हो?” मी म्हटलं, “स्विमिंगला.” घरात आल्यावर मुलगी म्हणाली, “बाबा, खोटं का बोललास? मी काय चोरी केली आहे का?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिला महिनोन्महिने सांगत होतो की यात लपवण्यासारखं काही नाही आणि लपवत होतो मीच. काकू इथेच आहेत. काकू, आम्ही स्विमिंगला जात नव्हतो. मला अजूनही पोहता येत नाही.

पैशांचा प्रश्न खरा आहे. पण महापालिकेच्या आणि सरकारी मोठ्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग असतो, तिथे खर्च फार कमी येतो. आपण ठाणेकर तर नशीबवान. डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० साली आपल्या गावात आयपीएच ही संस्था उभी केली. आणि केंद्र सरकारची टेलि-मानस ही फोनसेवा २०२२ पासून आहे. नंबर १४४१६. फोन मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. मुलं करू शकतात, आपणही करू शकतो. मात्र मूल जीव देण्याची भाषा करत असेल किंवा स्वतःला इजा करून घेत असेल, तर शनिवारची वाट बघू नका. त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी रुग्णालयात न्या.

शेवटी सेक्रेटरीसाहेबांना एक विनंती. खालच्या नोटीस बोर्डावर लिफ्टवाला, टँकरवाला, इलेक्ट्रिशियन, ॲम्ब्युलन्स असे सगळे नंबर आहेत. त्यांच्याखाली १४४१६ लिहूया. रंगाचा खर्च मी देतो. अक्षर मुलीचं चांगलं आहे, ती लिहील म्हणाली आहे.